साडूंबरोबर माहुली, ताईबरोबर आजोबा

रागावलेली माणसं मी आयुष्यात पुष्कळ पाहिली. बंद पडलेल्या पंख्यावर रागावलेली पाहिली, सरकारवर रागावलेली पाहिली, जावयावर रागावलेली तर सासुरवाडीलाच पाहिली. पण सकाळी डोळे उघडल्यापासून ते मिटेपर्यंत मध्ये एकही सुट्टी न घेता रागावणारा माणूस उभ्या ठाणे जिल्ह्यात एकच होता, आणि तो माझा साडू होता. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. इतरांना राग येतो आणि जातो. यांचा जायचं नावच घेत नसे. चहा गरम असला की "जीभ भाजायला दिलाय काय?" आणि जरा थांबून प्यायला की "हा चहा हाय का ओढ्याचं पानी?" थंडीच्या दिवसांत सूर्य उशिरा उगवतो याचाही त्यांना राग येई आणि अंगणात उभे राहून ते पूर्वेकडे असे काही बघत, की सूर्याच्या जागी मी असतो तर परत खाली गेलो असतो. माझी त्यांची पहिली भेट माझ्याच लग्नात झाली. मी पाटावर बसलो होतो. मागून कोणीतरी पाठीत थाप घातली आणि कानात आवाज घुमला, "पाठ सरळ! लग्नाला बसलाय का तुरुंगात?" मी दचकून वळलो, तर नवरी हळूच म्हणाली, "भावजी मनाने फार चांगले आहेत हो." आमच्या संसारातलं ते तिचं पहिलं वाक्य. पुढे ते मी इतक्या वेळा ऐकलं, की ते ऐकलं की माझ्याच तळपायाची आग मस्तकात जायला लागली.

साडू शहापूरला राहत आणि एस.टी.त कंडक्टर होते. किन्हवली, डोळखांब, मुरबाड अशा त्यांच्या फेऱ्या. त्या रस्त्यांवरच्या प्रत्येक माणसाने त्यांची बोलणी खाल्लेली होती आणि तरीही बाजारच्या दिवशी माणसं त्यांच्याच गाडीची वाट बघत. मला याचं कोडं पडे. एकदा मीच त्यांच्या गाडीत होतो. डोळखांबच्या पुढे, थांबा नाही की घर नाही अशा जागी एका म्हातारीने हात केला. साडूंनी घंटी दिली, गाडी थांबवली आणि दारातूनच तोंड सुटलं. "थांब्यावर घर बांधायला काय झालं होतं तुला? गाडी काय तुज्या सासऱ्याची हाय?" असं ओरडतच ते खाली उतरले, तिचं तांदळाचं गाठोडं उचललं, तिला दंडाला धरून वर चढवलं, पुढच्या सीटवरच्या तरुणाला "तुला पाय नायत काय रे?" म्हणून उठवलं आणि तिला तिथे बसवून पुन्हा तिच्यावरच खेकसले. म्हातारी शांतपणे म्हणाली, "बरा हायेस ना रं?" यावर ते आणखीच चिडले.

सुट्टीच्या दिवशी हा माणूस डोंगरात जाई. तालुक्यातले दोन डोंगर त्यांनी स्वतःचे मानले होते. एक आसनगावजवळची माहुली आणि दुसरा डेहण्याच्या डोक्यावरचा आजोबा. मुंबई-डोंबिवलीकडची हौशी मंडळी या दोन डोंगरांवर यायची आणि वाट दाखवायला साडूंना न्यायची. एकदा नेलेली मंडळी पुन्हा नेत नसत, पण मुंबईत नव्या मंडळींना तोटा नव्हता. त्यांचे नियम कडक होते. सिनेमाची गाणी म्हणायची नाहीत. दरीकडे तोंड करून आरोळ्या ठोकायच्या नाहीत. "सर केला" हा शब्द तर उच्चारायचाच नाही. "सर केला म्हनं! डोंगर हाय तिथंच हाय. उद्या घरी तुमीच चाललाय. मग कोनी कोनाला सर केला?" वाटेत ते तिकिटांचं पंच घेऊन चालत आणि ते खडकावर टकटक वाजवून माणसं मोजत. माणसं बरोबर भरली तरी रागावत, कारण मोजावी लागली.

आणि त्यांचा सगळ्यात मोठा राग "दगड" या शब्दावर होता. कोणी दमून "इथे या दगडावर बसू या" म्हणाला, की संपलं. "दगड नाय तो! जाळ हाय जाळ, थंड झालेला! ही अख्खी भुई फाटली होती एके काळी. त्या फटीतून हे लाल रसरशीत वर आलं नि पसरलं. मग त्यावर दुसरं. मग तिसरं. हे थर बगा. तुमी ज्वालामुखीच्या डोक्यावर चढताय नि म्हनं दगड!" हे ते एखाद्या घरगुती भांडणाची हकिकत सांगावी तसं सांगत, जणू ती भुई फाटली तेव्हा हे तिथे होते आणि कोणी यांचं ऐकलं नव्हतं.

नव्वदच्या दशकातल्या एका हिवाळ्यात आमच्या डोंबिवलीच्या कॉलनीतल्या मंडळाला गिर्यारोहणाची हुक्की आली. दोन्ही डोंगर एकाच दौऱ्यात करायचे, मध्ये एक मुक्काम शहापूरला, असा बेत ठरला. मंडळाचे सेक्रेटरी माझ्याकडे आले आणि म्हणाले, "तुमचे साडू तिकडचे गाईड आहेत म्हणे?" मी नाही म्हणायला हवं होतं. पण बायको आतून म्हणाली, "हो हो, भावजी नेतील की! मनाने फार..." मी रागारागाने हो म्हणून टाकलं.

आसनगावला उतरल्या उतरल्या साडूंनी स्टेशनाबाहेर सगळ्यांच्या पिशव्या रिकाम्या करायला लावल्या. हे सेक्रेटरींना अपमानास्पद वाटलं. त्यांनी कोऱ्या करकरीत टोपीला हात लावून सांगितलं, की ही एक्स्पिडिशन आहे आणि तिचं शेड्यूल ठरलेलं आहे. साडूंनी त्यांच्याच पिशवीतून एक घडीची खुर्ची बाहेर काढली, ती उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. मग शांतपणे विचारलं, "वर कोनाची सभा हाय?" खुर्ची, एक टेपरेकॉर्डर आणि लोणच्याची काचेची बरणी ओळखीच्या चहावाल्याकडे ठेवून आम्ही निघालो. सेक्रेटरी त्यानंतर साडूंशी बोलायचे ते माझ्यामार्फत. "तुमच्या साडूंना विचारा, पाणी कुठे मिळेल." साडू हातभर अंतरावर उभे असत. तेही माझ्याकडेच बघून सांगत, "त्यांना सांगा, गप चाला म्हनून." दोन रागावलेल्या माणसांच्या मधला निरोप्या होण्यासारखं दुसरं हलकं काम जगात नसेल.

माहुलीची वाट दाट रानातून चढते आणि चढतच राहते. नवरा, नवरी आणि भटजी नावाचे तिथले सुळके दिसायला लागले, तसे सेक्रेटरी लग्नावरचे जुने विनोद सांगू लागले. आमच्यात एक शाळेतल्या शिक्षिका होत्या, त्या मात्र बिचाऱ्या जिज्ञासू. त्यांनी विचारलं, "काका, ज्वालामुखी म्हणता, तर मग त्याचं तोंड कुठे आहे?" साडू थांबले. मला वाटलं, आता या बाईंची धडगत नाही. ते ओरडलेच, "तोंड नाय! सांगितलं ना फटीतून आलाय! तोंड फक्त तुमच्या त्या टोपीवाल्याला हाय!" पण मग बाईंना खडकाजवळ नेऊन त्यांनी प्रत्येक थर बोटाने दाखवला, त्यातली पांढरी गारगोटी दाखवली, आणि पुढचा अर्धा चढ ते एकट्या त्यांच्यावरच ओरडत राहिले. साडूंच्या बाबतीत याला मर्जी बसणं म्हणत.

माझी पाळी दुपारी आली. माझ्या बुटाचा तळ सुटला आणि जीभ बाहेर काढल्यासारखा लोंबू लागला. सगळ्यांच्या देखत साडूंनी माझा उद्धार केला. "साडू म्हनून आनला ह्याला! बूट तरी बघून घालावा मानसानं. लग्नातच वळखलं होतं मी, की हा पानी भरायच्या कामाचा नाय!" बोलता बोलता ते माझ्यासमोर मांडी घालून बसले, माझा धुळीने भरलेला पाय स्वतःच्या मांडीवर घेतला, खिशातून सुतळी काढून बूट असा आवळून बांधला की तो पुढे घरापर्यंत टिकला. पण मी काही ते बघायच्या मनःस्थितीत नव्हतो. माझं डोकं इतकं फिरलं होतं, की या माणसाशी जन्मात बोलायचं नाही असं मी तिथल्या तिथे ठरवलं आणि संध्याकाळपर्यंत पाळलंही. दुःख याचं, की त्यांच्या ते लक्षातच आलं नाही.

गडमाथ्यावर आम्ही जुन्या दरवाजातल्या पहारेकऱ्यांच्या देवड्यांत मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी सकाळी कड्यावर उभे राहिलो, तर खाली तानसाचं पाणी लांबवर चमकत होतं. सेक्रेटरी म्हणाले, "वा! काय व्ह्यू आहे!" साडू एकदम त्यांच्याकडे वळले. या वेळी माझ्यामार्फत नाही, थेट. "व्ह्यू? ते पानी तुमी रोज पिता. नळ उघडला की येतं तुमच्याकडं. नि हितं खालच्या पाड्यातल्या बाया उन्हाळ्यात डोक्यावर हंडे घेऊन झरे उकरत फिरतात. समोर एवढं पानी दिसतंय त्यांना. दिसतंय फक्त! त्याला व्ह्यू म्हन्ता तुमी?" हा राग नेहमीचा नव्हता. त्यांचा आवाज कापत होता. त्या सकाळी पहिल्यांदा मला वाटलं की यांच्या रागाला कुठेतरी जागा आहे, आणि इतकी वर्षं तो चहावर आणि बुटांवर वाया जातो आहे.

उतरून आम्ही शहापूरला साडूंच्या घरी आलो. आता माझ्या मेहुणीबद्दल, म्हणजे ताईबद्दल सांगायला हवं. ताई मुरबाडकडची, शेतकऱ्याची मुलगी. लावणी, कापणी, झोडणी सगळं करून आलेली. बोलायची कमी. साडूंचं ओरडणं चालू असलं की ती शेजारच्या घरचा रेडिओ लागला असावा तशी आपलं काम करत राही. डोंगरावर जाणाऱ्या प्रत्येक टोळीच्या भाकऱ्या आजवर तिनेच भाजल्या होत्या. त्या संध्याकाळीही तिने आम्हा सगळ्यांना तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाचं बिरडं वाढलं. जेवता जेवता शिक्षिकाबाईंनी सहज विचारलं, "ताई, तुम्ही किती वेळा गेलात हो आजोबावर?"

ताईचा हात थांबला. "मी? मला कोनी नेलं नाय."

"म्हणजे एकदाही नाही?"

"तिला कशाला न्यायचं?" साडू उसळले. "घरी कोन बगनार? नि ती काय करनार तिथं? तुमी जेवा. भाकर थंड झाली तर पुन्हा माज्या नावानं ओरडाल."

आमच्यापैकी कोणीही त्यांच्या नावाने कधी ओरडलेलं नव्हतं. ताईने त्यांच्या ताटात बिरडं वाढलं, जरा जास्तच वाढलं, आणि आत निघून गेली.

सकाळी आम्ही डेहण्याच्या गाडीत चढलो, तर पुढच्या सीटवर ताई बसलेली. मांडीवर लहानशी पिशवी, डोक्याला फडकं, आणि पायात साडूंचे जुने कॅनव्हासचे बूट. साडू दारातच अडकले. मागे आम्ही सगळे रांगेत.

"हे काय गो?"

"आजोबाला चाललेय."

"कोनी सांगितलं?"

"कोनी सांगायला पायजे?"

साडूंनी ड्यूटीवरच्या कंडक्टरला हाक मारली. "उतरव रे हिला!" तो कंडक्टर साडूंच्या हाताखाली तयार झालेला. त्याने एकदा यांच्याकडे पाहिलं, एकदा ताईकडे. "वयनींनी तिकीट काढलंय," तो म्हणाला, आणि इतक्या घाईने डबल बेल दिली की मी पायरीवरच राहिलो होतो.

डेहण्यापर्यंत साडू खिडकीबाहेर बघत बसले. खळ्यांवर भाताच्या उडव्या रचलेल्या होत्या, रस्ता धुळीने भरला होता, गाडीत कोंबड्या होत्या, एक माणूस दारात विडी ओढत होता. रागावण्याजोगं इतकं समोर असताना ते कशावरच रागावले नाहीत. आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. सेक्रेटरींनी माझ्या कानाशी येऊन विचारलं, "साडूंना बरं नाही का?"

आजोबाच्या अंगावर अर्ध्या वाटेत वाल्मीकींचा आश्रम आहे. लव-कुश तिथलेच म्हणतात. ती मुलं ऋषींना आजोबा म्हणायची, म्हणून डोंगराचं नाव ते. आम्ही तिथे मुक्काम केला. ताईने "तीन दगड द्या कोनीतरी" म्हणत चूल मांडली, पेटवली. साडू काही म्हणाले नाहीत. दगड या शब्दावरही नाही, कारण तो ताईने उच्चारला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वर निघालो. माथ्याची वाट पलीकडच्या बाजूने आहे आणि "ती तुमच्या लायकीची नाय" असं साडूंनी आधीच सांगून टाकलं होतं. आम्हाला जायचं होतं ते सीतेच्या पाळण्यापर्यंत, म्हणजे उभ्या कड्यातल्या एका कपारीपर्यंत. तिथे पोचायला आधी धोंड्यांनी भरलेला कोरडा ओढा चढून जावं लागतं आणि शेवटी एक लोखंडी शिडी.

ताई चांगली चालत होती. पण बूट मोठे आणि ओढा अवघड. हळूहळू ती मागे पडायला लागली. शिडीच्या खाली आम्ही तिची वाट बघत थांबलो तेव्हा सेक्रेटरी घड्याळ दाखवत माझ्याकडे आले. "तुमच्या साडूंना सांगा, काकूंना इथेच बसवू या. आपलं सगळं शेड्यूल कोलमडतंय. बायकांना झेपत नाही तर आणायचं कशाला?"

शिक्षिकाबाई तिथेच उभ्या होत्या हेही त्यांच्या लक्षात आलं नाही. माझ्या अंगाचा भडका उडाला. तीन दिवस निरोप पोचवणारा मी, पण हा निरोप मी पोचवला नाही. "तुम्हीच सांगा," मी ओरडलो. "तुमची खुर्ची तिकडे चहावाल्याकडे आहे, तिच्यावर जाऊन बसा आणि तिथून सांगा!" माझ्या आवाजाने मीच दचकलो. मग साडूंकडे पाहिलं. आता हे या टोपीला दरीत भिरकावणार, या आशेने पाहिलं. पण साडूंचं लक्ष सेक्रेटरीकडे नव्हतंच. ते ओढ्यातून चढून येणाऱ्या ताईच्या पायांकडे बघत होते. ती जवळ आली, तसे ते म्हणाले, आणि अगदी हळू म्हणाले, "तू बस हितंच. आमी जाऊन येतो."

ताईने डोक्याचं फडकं सोडलं, घाम पुसला, आणि तिचा आवाज असा काही निघाला की कड्याने तो परत आमच्या अंगावर फेकला.

"बस हितंच? बस हितंच? अवो लग्न झाल्यापासनं हेच ऐकतेय मी! आमी जाऊन येतो, तू बस! जगातल्या लोकास्नी दाखवलं तुमी. जे नाव इचारत नायत, परत तोंड दाखवत नायत, त्यांना दाखवलं. त्यांच्या भाकऱ्या मी थापल्या. पाड्यातल्या बायांचं पानी दिसतं तुमाला माहुलीवरनं, त्यांच्यासाठी जीव तुटतो. दिसायलाच पायजे. पन तिथनं शहापूर पन दिसत असेल ना? मी नाय दिसले कदी?"

सेक्रेटरींनी टोपी काढली होती. त्या सबंध दौऱ्यात त्यांना कोणी टोपी काढायला सांगितलेलं नव्हतं.

साडूंनी तोंड उघडलं, मिटलं. ज्या माणसाने डेपोपासून डोंगरापर्यंत कोणाला शेवटचा शब्द बोलू दिला नाही, तो शब्द शोधत होता. शेवटी म्हणाला, "भ्या वाटतं गो. हितनं एक मानूस माज्या डोळ्यांदेखत घसरला होता. वाचला तो. पन तवापासनं... तू पडलीस तर?"

ताईने एक हात शिडीला टेकला. मग पहिल्यापेक्षा खालच्या आवाजात म्हणाली, आणि तो राग जास्त होता. "नि तुमी पडला असता तर? मी घरी बसून काय करत होते असं वाटलं तुमाला? भाकऱ्या?"

एवढं बोलून तिने पायातले बूट काढले, दोन्ही एका हातात धरून साडूंच्या छातीशी दिले, आणि अनवाणी शिडीला लागली. साडूंनी बूट खाली टाकले आणि तिच्या मागोमाग चढले. तिचं पाऊल जिथे पडेल तिथे आधी त्यांचा हात असे. शिडी करकरत होती. शिक्षिकाबाईंच्या डोळ्यांना धार लागली होती आणि का कोण जाणे, मला अजूनही राग येत होता. कोणाचा ते कळत नव्हतं. सेक्रेटरींचा होता, साडूंचा होता, "मनाने चांगले" या वाक्याचा होता. मन चांगलं असलेल्या माणसांनी इतकी वर्षं घरातल्या माणसाला काही सांगायचं नाही, असा नियम कोणी केला?

आम्ही वर पोचलो तेव्हा ती दोघं कपारीच्या कडेला बसली होती. खाली डेहणं, रिकामी शेतं, लांब धुरात मुरबाडकडचा मुलूख. ताई बोट दाखवत होती. "तिकडं कुठंतरी आमचं गाव असेल." साडू म्हणाले, "जरा डावीकडं. त्या दोन टेकाडांच्या मधी." मग ताईने मागच्या काळ्या खडकावर हात ठेवला आणि विचारलं, "हाच का तो तुमचा जाळ?" साडू म्हणाले, "हां." एवढंच. ज्यावर त्यांनी आम्हाला मैलोगणती व्याख्यानं दिली होती, त्यावर एकच शब्द. तेवढ्यात सेक्रेटरींनी त्या दोघांचा फोटो काढायला कॅमेरा वर केला, आणि साडू गरजले, "कॅमेरा आत टाका! नि कडेला कोन उभा हाय तो? मागं व्हा सगळे! एवढं सांगून पन अक्कल नाय!" आम्हा सगळ्यांना इतकं हायसं वाटलं, की दोघे-तिघे हसलेसुद्धा. त्यांनाही बोलणी बसली.

त्यानंतर सेक्रेटरींनी मंडळाची एक्स्पिडिशन कधी काढली नाही. शिक्षिकाबाई मात्र दर हिवाळ्यात शहापूरला जाऊ लागल्या, आणि साडूंच्या टोळीत ताई कायमची आली. तिला स्वतःच्या मापाचे बूट घेतले गेले. ते घेताना दुकानदाराला काय काय ऐकावं लागलं ते मी इथे लिहीत नाही.

पुढे नवं शतक लागलं. साडू निवृत्त झाले आणि एस.टी.च्या पायऱ्या चढून उतरून झिजलेल्या गुडघ्यांनी त्यांना दगा दिला. डॉक्टरांनी डोंगर बंद केला. त्या डॉक्टरांचं काय झालं असेल याची कल्पना कोणीही करू शकेल. पण ताईने जायचं थांबवलं नाही. आळीतल्या बायका जमवून ती दर वर्षी भातकापणी आटपली की आजोबावर जायची. साडू जीपने डेहण्यापर्यंत यायचे आणि गावातल्या एका ओळखीच्या ओसरीवर बसून राहायचे.

एका वर्षी मी मुद्दाम त्यांच्या सोबतीला गेलो. सकाळी बायका हसत-खिदळत वर गेल्या, आणि दिवसभर साडू माझ्यावर रागावत राहिले. माझं पोट सुटलं याचा राग, माझ्या मुलाने हॉटेलच्या शिक्षणाला जावं याचा राग, मोबाईल लागत नाही याचा राग. उन्हं कलायला लागली तसे ते गप्प झाले. ओसरीच्या खांबाला धरून उभे राहिले, बसले, पुन्हा उठले. त्या घरच्या बाईने चहा आणून ठेवला. तो गरम होता का गार, त्यांनी पाहिलंही नाही. नुसता धरून राहिले.

"येतील हो," मी म्हटलं. "ताईला वाट पाठ आहे आता."

"वाट पाठ असली म्हनून काय झालं," ते म्हणाले. आवाजात ओरडणं नव्हतं. "घरी बसनाऱ्याला वाट दिसत नाय ना. तुमाला नाय कळनार ते, साडू."

इतक्या वर्षांत त्यांनी मला नातं लावून, नीट, माणसासारखी हाक मारली ती तेव्हाच. दोघंही रानाकडे बघत राहिलो. सावल्या ओढ्यापर्यंत आल्या. गुरं परतली. आणि मग झाडीतून, बरीच लांबून, आवाज आला. "सरळ चाला गो! पाय कुठं टाकता? डोळे घरी ठेवून आल्यात काय?"

ताईच होती.

साडूंनी चहा एका घोटात संपवला आणि कप खाली ठेवला. "आली," ते म्हणाले, स्वतःशीच. मग सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले, खांबाचा हात सोडला आणि अंगणात जाऊन उभे राहिले. ती झाडीबाहेर यायच्या आत त्यांना चेहऱ्यावर राग आणायचा होता. पूर्वी त्याला इतका वेळ लागत नसे.